अंगठ्याची साक्ष

रांगेंत उभें राहणें ही कला मुंग्यांना उपजत येते. मनुष्यास ती शिकावी लागते. इंग्रजींत रांगेला 'क्यू' म्हणतात. हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ शेपूट. १८३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासांत कार्लाईलनें पॅरिसमधील पाववाल्यांच्या दारांपुढें लागणाऱ्या शेपटांचें वर्णन केलें, आणि या अर्थानें तो शब्द इंग्रजींत येण्याचें श्रेय कोशकार त्याच्याकडे देतात. म्हणजे ज्या शिस्तीचा इंग्रजांना एवढा अभिमान, तिचें नांवसुद्धां त्यांनीं शेजाऱ्याकडून उसनें आणलें. आणि शेजाऱ्याला ती शिस्त भुकेनें शिकविली होती. वस्तु थोडी आणि माणसें फार झालीं म्हणजे रांग जन्मास येते. म्हणूनच ज्याचें घर भरलेलें आहे त्याला रांगेचा सहवास फारसा घडत नाहीं. घडलाच तर तो नाटकाच्या किंवा आगगाडीच्या तिकिटापुरता.

आमच्या आधींच्या पिढीनें १९४३ मध्यें मुंबईंत सुरू झालेल्या रेशनिंगच्या रांगा पाहिल्या. आमच्या पिढीच्या वांट्याला रॉकेलची रांग आली. आमचें बालपण रत्नागिरी जिल्ह्यांतील एका लहान गांवीं गेलें. १९७९-८० च्या सुमारास, आम्ही आठ-नऊ वर्षांचे असतांना, तेथील रेशनच्या दुकानापुढें जी रांग लागे ती बहुतांशीं माणसांची नसून डब्यांची असे. कोणाचा डबा पोचे आलेला, कोणाच्या डब्याच्या कडीला सुतळी बांधलेली. ज्याच्याजवळ डबा नसे तो जागा धरण्यासाठीं वीट ठेवून जाई, आणि त्या विटेचा मान सारेजण राखीत. गाडी आल्याची हांक उठली म्हणजे माणसें धांवत येऊन आपापल्या डब्यामागें उभीं राहत. त्या रांगेंत कितीही वेळ मोडला तरी एक गोष्ट निश्चित होती: सवलत तेलाच्या पोटांतच असे. ज्यानें डबा भरून घरीं नेला त्यानें सवलतही घरीं नेली. ती मिळविण्यासाठीं आणखी कोठें जावें लागत नसे, आणि आपण आपणच आहों हें सिद्धही करावें लागत नसे.

परंतु या व्यवस्थेला एक मागचें दार होतें. स्वस्त रॉकेल रांगेकडे येण्याऐवजीं त्या दारानें चढ्या भावानें बाहेर पडे, आणि त्यांतलें बरेंचसें डिझेलमध्यें मिसळलें जाई. घरगुती गॅसच्या टाक्यांचेंही थोडेंबहुत असेंच झालें. घरासाठीं दिलेली टाकी हॉटेलाच्या भटारखान्यांत पोंचूं लागली. तेव्हां वस्तु एका वाटेनें आणि सवलत दुसऱ्या वाटेनें पाठवावी असें सरकारनें ठरविलें. गॅसच्या बाबतींत हा फेरबदल २०१३ सालीं कांहीं जिल्ह्यांत सुरू झाला, आणि १ जानेवारी २०१५ पासून सर्व देशांत लागू झाला. १४.२ किलोची टाकी दारांत आली कीं तिची पूर्ण किंमत मोजावयाची. सवलतीची रक्कम मागाहून खात्यांत येते. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नांवें गॅसच्या जोडण्या मिळूं लागल्या. २०२० च्या उन्हाळ्यापासून आम्हां मध्यमवर्गीयांच्या खात्यांत सवलत येणें बहुतेक थांबलें. उज्ज्वलेच्या गृहिणींस मात्र मे २०२२ पासून दर टाकीमागें २०० रुपये मिळूं लागले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यांचे ३०० झाले. पुढें २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें वर्षाला तीन टाक्या मोफत देणारी अन्नपूर्णा योजना जाहीर केली. येथें 'मोफत' या शब्दाचा अर्थ असा कीं, टाकी घेतेवेळीं पूर्ण पैसे द्यावयाचे, आणि केंद्राचा व राज्याचा वांटा मिळून ते मागाहून खात्यांत जमा व्हावयाचे.

या व्यवस्थेवर आमचा रोष नाहीं. मागचें दार लावून घेणें अवश्यच होतें. परंतु परतावा या कल्पनेच्या पोटांत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. पैसे परत मिळण्यासाठीं ते आधीं जवळ असावे लागतात. आमच्यासारख्याच्या आठशें रुपयांनीं कांहीं दिवस सरकारजमा होऊन विसांवा घेतला तर आम्हांला त्याचा पत्ताही लागत नाहीं. ज्या घरांत आठशें रुपये म्हणजे आठवड्याचा बाजार, त्या घराला ते शेजारणीकडून किंवा वाण्याकडून उसने घ्यावे लागतात. म्हणजे गरीब मनुष्य कर्ज काढून सरकारास बिनव्याजी कर्ज देतो, आणि सरकार तें उपकार म्हणून फेडतें. हें कर्ज जितक्या लवकर हातांत परत पडेल तितकी ती सवलत खरी.

हातांत पडण्याचा हा मार्ग पुष्कळांच्या बाबतींत टपालकचेरीवरून जातो, आणि तें योग्यच आहे. आपल्या देशांत गरिबाचा पैसा पोंचविण्याचें काम पोस्टाइतकें जुनें दुसऱ्या कोणत्याही खात्याचें नसेल. १८५४ सालीं अंतर कितीही असो, हलक्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर ठरला. १८८० सालीं मनिऑर्डर सुरू झाली. १८८२ सालीं पोस्टाची बचत बँक निघाली. गिरणगांवांतला कामगार दर महिन्यास गांवीं मनिऑर्डर पाठवी, आणि कोंकण मनिऑर्डरीवर जगतें असें त्या काळीं लोक सहज बोलून जात. १ सप्टेंबर २०१८ रोजीं टपालखात्याची नवी पेमेंट्स बँक सुरू झाली. आतां आधार क्रमांक सांगून आणि यंत्रावर बोट टेकवून, खातें दुसऱ्या बँकेंत असलें तरीही, आपले पैसे पोस्टांत काढतां येतात. देशांत दीड लाखाहून अधिक टपालकचेऱ्या आहेत; तेव्हां बँकेची पायरी चढण्यास भिणाऱ्या माणसासाठीं ही सोय केवढी मोठी आहे हें सांगावयास नको.

२०२५ च्या संक्रांतीच्या आठवड्यांत आम्हांला या सोयीचें जवळून दर्शन घडलें. आमच्या घरीं धुण्याभांड्यांचें काम करणाऱ्या मावशी अकरा वर्षांपासून येत आहेत. मूळच्या मराठवाड्याच्या, दुष्काळांत शेत सुटलें तेव्हां नवऱ्यासह पुण्यास आल्या. आमच्याखेरीज आणखी चार घरें त्यांच्याकडे आहेत. एके सायंकाळीं काम आटोपल्यावर त्या पदराला हात पुसत आमच्या खोलीच्या दाराशीं उभ्या राहिल्या.

"सर, उद्या जरा पोस्टात माझ्यासंगं येता का? गॅसचे पैसे आलेत. दोनदा जाऊन आले. मशीन माझं बोटच घेत न्हाई."

"घेत नाहीं म्हणजे काय होतें, मावशी?"

"लाल दिवा लागतो. ती पोरगी म्हणती, तुम्ही तुम्ही न्हाईच. आता मी न्हाई तर कोण हाय?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत कोठें आलेलें नव्हतें. आम्ही येतों म्हणालों. अधिक विचारतां कळलें कीं, घरची टाकी दोन दिवसांपूर्वीं संपली होती. नवी परवां दारांत यावयाची होती. तेवढ्यापुरता शेजारणीच्या शेगडीवर भात शिजत होता. मागच्या टाकीचे परत आलेले पैसे हातांत पडले तर नवी टाकी घेतां येणार. नाहीं तर ती आल्या पावलीं परत जाणार.

दुसऱ्या दिवशीं दहाच्या सुमारास आम्ही दोघे रांगेंत उभे राहिलों. पुढें पंचवीस-तीस माणसें असावींत. परीक्षेचे अर्ज स्पीडपोस्टानें पाठविणारीं मुलें, पासबुक प्लास्टिकच्या पिशवींत जपून आणणारे एक पेन्शनर गृहस्थ, परगांवीं मुलाकडे तिळगुळाचा डबा धाडणाऱ्या एक आजी, आणि गॅसच्या पैशांसाठीं आलेल्या पांच-सहा स्त्रिया. आमच्या अगदीं पुढें एक गवंडी होता. त्याच्या नखांत वाळलेलें सिमेंट होतें, आणि तो मधून मधून उजव्या हाताचा अंगठा तोंडाच्या वाफेनें ओला करून सदऱ्याला पुशीत होता. त्यालाही या यंत्राचा पूर्वानुभव असावा.

स्त्रियांचें आपसांत बोलणें चाललें होतें. त्यांतली एक म्हणाली, "गावाकडं राखेनं भांडी घासायचो, तवा हाताला काय झालं न्हाई. ह्या पावडरीनं बोटं खाल्ली बघा." दुसरीनें आपले तळहात पुढें केले. ते वर्षानुवर्षें पाण्यांत राहिलेल्या दगडासारखे गुळगुळीत आणि फिकट झाले होते. आम्ही नकळत आपल्या हातांकडे पाहिलें. आमच्या महाविद्यालयांत रोज सकाळीं हजेरीच्या यंत्रावर आम्ही अंगठा टेकवितों, आणि तें यंत्र आम्हांस निमिषांत ओळखतें. त्यांत नवल कांहींच नाहीं. तीस वर्षांत या बोटांनीं खडू आणि पुस्तक यांहून खरबरीत असें कांहीं उचललेलें नाहीं. त्यांच्यावरच्या रेघा विधात्यानें दिल्या तशाच शाबूत आहेत.

गवंड्याची पाळी आली. खिडकीमागें बसलेली मुलगी आमच्या विद्यार्थिनींच्या वयाची असेल. तिच्या वागण्यांत कोठेंही तिटकारा नव्हता. तिनें त्याचे दोन्ही अंगठे घेतले, तर्जन्या घेतल्या, पुन्हां अंगठे घेतले. पेटीवरचा दिवा प्रत्येक वेळीं लाल. शेवटीं ती म्हणाली, "दादा, दोन दिवस कामाला सुट्टी घ्या, हाताला तेल लावा आणि मग या." दोन दिवस कामावर न जाण्याची किंमत गवंड्यानें मनांत केली असावी, कारण तो कांहीं न बोलतां किंचित् हंसला आणि निघून गेला.

मग मावशी पुढें झाल्या. "मावशी, बोट पुसा. आता केसांवरून फिरवा. दाबू नका, नुसतं ठेवा." मावशींनीं बोट केसांवरून फिरविलें, म्हणजे डोक्याचें तेल बोटाला लागावें. उजवा अंगठा, लाल. डावा अंगठा, लाल. तर्जनी, मधलें बोट; लाल. मागें रांग वाढत होती, पण कोणी कुरकुर केली नाहीं, उलट पेन्शनर गृहस्थ पुढें येऊन म्हणाले, "सगळी बोटं करून बघा, दहा दिलीत देवानं." डाव्या हाताच्या चवथ्या बोटाला दिवा हिरवा झाला. मागच्या स्त्रियांतून एक समाधानाचा सुस्कारा उठला. मुलीनें आठशें रुपये मोजून खिडकींतून दिले, मावशींनीं ते पुन्हां मोजले आणि कमरेच्या पिशवींत ठेवले. त्या चवथ्या बोटास संस्कृतांत अनामिका म्हणतात. जिला स्वतःला नांव नाहीं, तिनें मावशींचें नांव सांगितलें. भांडीं घासतांना सर्वांत कमी भार त्या बोटावर पडत असेल, म्हणून त्याच्या रेघा वांचल्या होत्या.

बोटांच्या रेघांवरून माणूस ओळखण्याची ही विद्या आपल्याच देशांत व्यवहारास लागली. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शल या मुलकी अधिकाऱ्यानें रस्त्यासाठीं लागणाऱ्या मालाच्या करारावर राज्यधर कोनाई नांवाच्या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्यें कलकत्त्यास बोटांच्या ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली, आणि तेथें अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अधिकाऱ्यांनीं ठशांच्या वर्गीकरणाचें मोठें काम केलें. आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं दिले गेले ते आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं. तेव्हां अंगठ्याच्या या दीर्घ इतिहासाचा एक टोकाचा धागा आपल्या अंगणांतच आहे.

आणि तरीही या इतिहासांत एक उलटापालट झालेली आहे. आमच्या लहानपणीं अंगठा ही निरक्षराची खूण होती. खरेदीखतावर, कर्जरोख्यावर, मनिऑर्डरीच्या पावतीवर निळ्या शाईचा ठसा उमटे आणि त्याशेजारीं 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असें कोणीतरी लिही. शिकलेल्यानें सही करावी, न शिकलेल्यानें अंगठा द्यावा, असा तो भेद होता. 'अंगठेबहाद्दर' ही त्या काळची शिवी. आतां कुलगुरूपासून हमालापर्यंत सर्वांना अंगठा द्यावा लागतो. ही समता पाहून आम्हांला प्रथम मौज वाटली होती. रांगेंत उभें राहिल्यावर कळलें कीं भेद गेला नाहीं, त्यानें केवळ जागा बदलली. पूर्वीं ज्याला लिहितां येत नसे त्याचा अंगठा चाले. आतां ज्याचा अंगठा झिजलेला आहे त्याचा तोही चालत नाहीं. आणि अंगठा झिजतो तो वीट, विळा, राख आणि पावडर यांनीं. ज्यानें हातानें अधिक काम केलें, त्याची आपण तोच आहों हें सांगण्याची शक्ति तितकी कमी झाली.

महाभारतांतील एकलव्याची गोष्ट आम्ही वर्गांत अनेकदां सांगितलेली आहे. गुरूनें शिष्याचा अंगठा मागितला आणि शिष्यानें तो कापून दिला. त्या कथेंतील क्रौर्य निदान एका क्षणाचें होतें, आणि तें सर्वांच्या डोळ्यांस दिसलें. मावशींचा अंगठा कोणी मागितला नाहीं. तो पांच घरांतील भांड्यांवर रोज थोडा थोडा गेला, आणि त्या पांचांपैकीं एक घर आमचें आहे. दर महिन्याच्या पगारानें आम्ही त्यांच्या श्रमाची किंमत देतों. झिजलेल्या रेघांची किंमत कोणत्या हिशेबांत धरावी हें आमच्या अर्थशास्त्रांत लिहिलेलें नाहीं. आमच्या मांडणीवरचीं भांडीं चकचकीत आहेत. त्या चकाकीचा थोडा अंश त्यांच्या बोटांचा आहे, असें आतां त्यांच्याकडे पाहतांना वाटतें.

मग यंत्र फेंकून द्यावें काय? तसें आम्ही म्हणणार नाहीं. मागचें दार पुन्हां उघडावें असें कोणत्याही गरिबाच्या हितचिंतकास वाटणार नाहीं. अलीकडे डोळ्यांवरून आणि चेहऱ्यावरून ओळख पटविण्याच्या युक्त्याही निघालेल्या आहेत. त्या जितक्या लवकर लहान कचेऱ्यांत पोंचतील तितकें चांगलें. पण एका यंत्राची उणीव दुसऱ्या यंत्रानें भरून काढतांना मध्यें जो मनुष्य खिडकींतून परत जातो त्याचा विचार व्हावयास हवा. यंत्राचें 'नाहीं' आणि मनुष्याचें 'नाहीं' यांत फरक आहे. मनुष्यानें नाहीं म्हटलें तर त्याला कारण विचारतां येतें, त्याच्याशीं भांडतां येतें, त्याच्या वरिष्ठाकडे जातां येतें. लाल दिव्याशीं भांडण करतां येत नाहीं.

जुन्या मनिऑर्डरींत एक लहानशी तरतूद होती, आणि तीच आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. घेणाऱ्यानें अंगठा दिला म्हणजे त्याशेजारीं एका साक्षीदाराची सही लागे. आमचे वडील शाळामास्तर. मुंबईहून कोणा म्हातारीच्या मुलाचे पैसे आले म्हणजे पोस्टमन आमच्या ओटीवरून हांक मारी, आणि वडील पायांत वहाणा सरकवून त्याच्याबरोबर जात. म्हातारी अंगठा उठवी, वडील त्याखालीं आपलें नांव लिहीत, आणि पोस्टमन नोटा तिच्या ओंजळींत ठेवी. हे सारें निर्मळच होतें असें नाहीं. साक्षी खोट्याही होत, आणि क्वचित् एखादी नोट वाटेंत गळून पडे. पण त्या कागदावर एक गोष्ट मान्य केलेली होती: मनुष्य कोण आहे हें त्याचा शेजारी सांगूं शकतो. तेथें मनुष्य अंगठ्याची साक्ष देत असे. आतां अंगठ्यानें मनुष्याची साक्ष द्यावयाची असते, आणि अंगठा मुका झाला तर मनुष्यही मुका ठरतो.

त्या दिवशीं पोस्टाच्या खिडकीपाशीं मावशींना ओळखणारे आम्ही होतों, रांगेंतल्या दोन स्त्रिया होत्या, आणि पूर्वीं दोनदां त्यांना पाहिलेली ती मुलगीही होती. चौघांपैकीं कोणाच्याही शब्दाला तेथें जागा नव्हती. अनामिकेनें हात दिला म्हणून काम झालें. गवंड्याला तिनेंही दिला नसता तर? दहाही बोटें नाकारलीं गेल्यावर कचेरीच्या कागदावर दोन शेजाऱ्यांच्या सह्यांसाठीं दोन ओळी असाव्यात, आणि त्या सह्यांवर त्याच दिवशीं, त्याच खिडकींत पैसे मिळावेत, एवढीच आमची मागणी आहे. फसवणुकीची भीति वाटत असेल तर सही करणाऱ्यांचे अंगठे घ्यावेत. आमचा अंगठा त्यासाठीं केव्हांही तयार आहे. त्याच्या रेघा अजून जशाच्या तशा आहेत.